काचेमागचा स्विच

सत्यशीला भिंगारदिवे यांच्या लॅबमध्ये काचेचं एक कपाट होतं आणि त्यात दोन नवेकोरे स्विच होते. अनेक संगणकांच्या वायरी जिथे एकत्र जोडतात, ती चपटी पेटी म्हणजे स्विच. पेट्या खोक्यात, खोकी प्लॅस्टिकमध्ये आणि कपाटाची किल्ली प्राचार्य आप्पासाहेबांच्या खिशात. तपासणीची कमिटी आली की किल्ली निघायची, खोकी टेबलावर मांडून फोटो व्हायचा आणि कमिटीची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच माल पुन्हा आत. बाईंनी सुरुवातीला दोन-तीनदा मागून पाहिलं. मोडलं तर कमिटीला काय दाखवायचं, हे आप्पासाहेबांचं ठरलेलं उत्तर. माणूस वाईट नव्हता हो, पण वस्तू वापरली की खराब होते, एवढंच शास्त्र त्याला ठाऊक.

तेव्हा अकोले गावाच्या पुढे डोंगरातल्या त्या कॉलेजात बाईंनी अकरा वर्षं नेटवर्क शिकवलं, ते पेटीला हात न लावता. लॅबमध्ये धड चालणारा संगणक एकच. त्याच्या पोटात त्यांनी चार संगणक उभे केले. पडद्यावर एक खिडकी उघडली की एक संगणक, दुसरी उघडली की दुसरा. खरे नव्हेत, पण वागायला हुबेहूब खरे. त्यांना जोडणारी वायर आभासी आणि स्विचही आभासी. चौघांना नावं दिली होती एसटीच्या वाटेवरची: अकोले, राजूर, शेंडी, रतनवाडी. अकोल्याहून निघालेला निरोप राजूर, शेंडी करत रतनवाडीला पोचायचा आणि उत्तर घेऊन परत यायचा. बाई मुद्दाम शेंडी बंद पाडायच्या आणि विचारायच्या, आता कसं जाल? पोरं डोकं खाजवत दुसरी वाट बांधायची. अशी वाट बांधायला शिकलेली पोरं पुण्या-नाशकात नोकरीला लागली, दिवाळीला पेढे घेऊन यायची.

बाईंची स्वतःची नेमणूक मात्र दर जूनला नव्याने. अकरा वर्षांत अकरा ऑर्डरी, आणि प्रत्येक मे महिन्यात जिवाला तोच घोर. म्हणून नगरच्या एका मोठ्या कॉलेजात लॅबच्या कायम जागेची जाहिरात आली, तेव्हा त्यांनी जीव तोडून अभ्यास केला. वयाच्या अटीमुळे ही संधी शेवटची होती. लेखी परीक्षेत त्या पहिल्या आल्या. उरलं होतं फक्त प्रात्यक्षिक, आणि ते तर त्यांच्या हातचा मळ. निघताना त्यांच्या वडिलांनी, निवृत्त यशयामास्तरांनी, लेकीचे दोन्ही हात हातात धरून प्रार्थना केली.

नगरला परीक्षेच्या टेबलावर दोन संगणक, वायरी आणि प्लॅस्टिकमधून बाहेर काढलेला, मोकळा स्विच. वेळ वीस मिनिटं. बाईंनी पेटी दोन्ही हातांनी उचलून पुढ्यात घेतली. वायरी जोडल्या. दोन्ही संगणकांना पत्ते दिले. एकावरून दुसऱ्याला निरोप पाठवला.

उत्तर आलं नाही.

त्यांनी पत्ते पुन्हा तपासले. वायरींची अदलाबदल केली. संगणकात निरोपाला कुठे अडवणूक लावलेली आहे का, ते पाहिलं. अकरा वर्षांत पोरांनी केलेली एकूणएक चूक त्यांनी आठवून आठवून शोधली. घाम पुसायलाही त्या थांबल्या नाहीत. पडद्यावर निरोपामागून निरोप निघत होता आणि एकही पोचत नव्हता. वेळ संपली.

परीक्षक तरुण होता, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. तो टेबलामागे वाकला, खाली लोंबणारी काळी वायर उचलली, भिंतीवरच्या बोर्डात घातली आणि बटण दाबलं. पेटीवर हिरवे दिवे ओळीनं लागले. पडद्यावर उत्तरं येऊ लागली, एकाखाली एक, थांबेचनात.

"तुमचं सगळं बरोबर होतं, मॅडम," तो हळूच म्हणाला. "याला वीजच दिली नव्हती."

बाई त्या दिव्यांकडे बघत राहिल्या. स्विचला दिवे असतात हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, पण पेटत असलेले आज पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांच्या संगणकाच्या पोटातला स्विच आपोआप जागा व्हायचा, त्याला वीज देण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता.

नगरच्या तारकपूर एसटी स्टँडवर वडिलांचा फोन आला. बाईंनी दोनदा कट केला, तिसऱ्यांदा घेतला.

"सगळं बरोबर केलं होतं, आण्णा."

"मग अडलं कुठं?"

"पेटीला वीज द्यायची राहिली."

म्हातारा म्हणाला, "तुला कुनी दाखवलं न्हाई व्हय गं?"

दाखवणार कोण? शिकवणाऱ्या त्याच होत्या. मग मात्र बाईंना रडू आवरेना. राग ना परीक्षकाचा आला, ना आप्पासाहेबांचा. रोज सकाळी चटणीसाठी मिक्सरची पिन बोर्डात घालणारी मी, एवढं मला सुचू नये? अकोल्याची गाडी लागली आणि भरून निघूनही गेली. बाकड्यावर बसून त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या.

सोमवारी नेहमीचं प्रात्यक्षिक होतं. फळ्यावर बाईंनी कृती लिहायला घेतली. वरची ओळ नवी होती: स्विचची पिन बोर्डात घालून बटण दाबा, हिरवे दिवे लागले का पाहा. पुढचं सगळं जुनंच. शेंडी गावची निकिता पडद्यावर इकडेतिकडे शोधत म्हणाली, "म्याडम, ह्यात बटन कुठं हाय?"

बाईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. पोरी उठून काचेपाशी गेल्या, प्लॅस्टिकमधली खोकी निरखून आल्या.

"पन त्याला तर कुलूप हाय."

"लिहून ठेवा," बाई फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या. "परीक्षेत लागतं."