बांधाचा दिवस

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबा माझी बॅग डोक्यावर घेऊन खारबांधावरून पुढे चालत होते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला आमची भातखाचरं, मधे तो मातीचा बांध. एसटी आली तेव्हा एवढंच म्हणाले, "बांधाचा दिस कलवीन. तवढा ये."

आमच्याकडे उन्हाळ्यात घरटी एका माणसाने बांधावर जायचं असतं. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची, खचलेली जागा भरायची. बाबांची कंबर गेल्यापासून आमच्या घरचा माणूस मीच. सुरुवातीला इमानेइतबारे गेलो. मग अंबरनाथ एमआयडीसीत पर्मनंट झालो, कात्रपला फ्लॅट घेतला आणि चिखल नकोसा झाला. खरं तेच सांगतो.

त्या वर्षी बाबांचा फोन आला तेव्हा मी बायकोबरोबर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सोफा पारखत होतो. "बैठो साईं, आराम से बैठो," दुकानदार आग्रह करत होता. मी बसल्या बसल्या फोनवर म्हणालो, "प्लांटला शटडाऊन आहे बाबा, रजा नाही." रजा होती. चांगली तीन दिवसांची, मंजूर झालेली.

"असूं दे. नोकरी पयली," बाबा म्हणाले.

तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत, त्यांना हा विचार ओळखीचा असेल: आपण एकटे नाही गेलो तर काय बिघडतं? त्या वर्षी तो बहुतेक घरांनी केला. बांधावर म्हातारेच जमले. आषाढाच्या उधाणात बांध फुटला, खाडी आत शिरली, लावलेलं भात खारट पाण्यात गेलं. पुढे ती खांड, बांधाला पडलेलं ते भगदाड, इतकी रुंदावली की कुणाच्याने भरली नाही.

आता हिवाळ्यात तिथे लांबून पक्षी येतात. बघायला गाड्या येतात. यंदा मी लेकीला घेऊन गेलो. आमच्या खाचरांत रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. "पप्पा, कसलं भारी! अच्छा हुआ ना बांध तुटला!" ती म्हणाली आणि क्षणभर मलाही हलकं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

बाबा तिला कौतुकाने दाखवत होते, तो एकटा पक्षी उभा आहे ना, ते आपलं मोठं खाचर. मला राहवेना. लेक फोटो काढायला पुढे गेली तसं बोलून टाकलं, "बाबा, तेव्हा रजा होती मला. खोटं बोललो मी."

ते पक्ष्यांकडेच बघत होते. "मना ठाव हाय. सूनबायनी त्याच दिशी सोफ्यावर बसलेला तुजा फोटू धाडलेला." मग आवाज बारीक करून म्हणाले, "तुजे आयेला सांगू नको. ती आजून गावान भांडते, माजे पोराला रजाच नाय गावली म्हनून."

घर म्हणजे काय, असं आज मला कुणी विचारलं तर सांगेन, जिथे माझं खोटं अजून खरं मानतात ती जागा. बांधावरून घरी परतलो तेव्हा आई दारातच उभी होती.

"औंदा गावली रं रजा?"

"गावली," मी म्हणालो.