डाव्या बुटातला कापूस

विश्रामबागचं भाड्याचं घर सोडून साताऱ्याला, मुलाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं, तेव्हा मला भांड्याकुंड्यांची काळजी नव्हती. काळजी होती ती यांच्या बुटांची. हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि घरी आल्यापासून बूट घेत राहिले. धावायचे, चालायचे, कातडी, कापडी. नवा जोड चार-आठ दिवस पायात असायचा, मग पुन्हा खोक्यात जायचा. माळ्यावर खोकी, पलंगाखाली खोकी. पाहुण्यांनी विचारलं तर हे म्हणायचे, "शौक हाय." मीही तेच धरून चालले होते.

नव्या घरात दाराशी चपलांसाठी एक अरुंद फडताळ तेवढं होतं. म्हणून मी कवठे महांकाळहून माझ्या धाकट्या भावाला जीप घेऊन बोलावलं. त्याच्या गावातली मुलं भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर धावतात, त्यातली कितीतरी अनवाणी. जोड त्यांना देऊ का, असं मी यांना विचारलं होतं. हे नुसतं 'हं' म्हणाले होते.

भाऊ आला. आम्ही दोघांनी खोकी उघडून जोड हॉलभर मांडले. हे खुर्चीत पेपर वाचत बसले होते. भावाने एक डावा बूट हातात घेतला आणि आत बोटं घालून कापसाचा बोळा बाहेर काढला. दुसऱ्या जोडाच्या डाव्या बुटात फडकं निघालं, तिसऱ्यात स्पंजचा तुकडा. उजवे सगळे रिकामे. त्याने माझ्याकडे बघितलं.

बर्फातल्या पोस्टिंगवर यांच्या डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण हे लंगडत नव्हते, कधी बोलतही नव्हते. त्यामुळे ती गोष्ट जुनी झाली, मिटली, असंच आम्ही समजत होतो.

"दाजी," भाऊ हळूच म्हणाला, "अजून तरास हुतो व्हय?"

यांनी पेपर खाली ठेवला.

"पाय आत सरकतो. मग टाचंवर जोर देऊन चालाय लागतं. परत्येक येळी वाटतं, ह्यो जोड तरी बरा लागंल."

मी तिथेच बुटांच्या मध्ये खाली बसले. इतक्या वर्षांत मला का सांगितलं नाही, असं विचारलं.

"सांगून बोटं येत्यात व्हय?"

मग तेच उठून खाली बसले आणि एकेका बुटातला कापूस काढू लागले. पोरांना असे भरलेले बूट देऊ नका, म्हणाले. आम्ही तिघांनी मिळून ते काम केलं. भावाची जीप गेली तेव्हा घरात यांचा एक कापडी जोड आणि चपला एवढंच उरलं होतं.

साताऱ्याला गेल्यावर सुनेने चौकशी करून, पायाचं माप घेऊन बूट बनवून देणारी जागा शोधली. हे आधी तयार नव्हते. परक्या माणसापुढे तो पाय उघडा करायचा, हेच त्यांना नको होतं. मी बरोबर गेले. तिथे हे थोडा वेळ मोजा धरून बसले, मग स्वतःच काढला.

बूट आले ते काळे, रुंद, दिसायला ओबडधोबड. डाव्यात गेलेल्या बोटांच्या जागी मऊ भराव होता. सुरुवातीला जड लागतात म्हणून यांनी कुरकुर केली. पुढे एका सकाळी फिरायला गेले ते उशिरापर्यंत आले नाहीत. मी दोनदा गॅलरीत जाऊन बघितलं. शेवटी आले ते मेथीची जुडी घेऊन. राजवाड्याजवळच्या मंडईपर्यंत गेले होते आणि परतही चालतच आले होते.

चहा पिताना म्हणाले, "उद्या तू बी चल."

माझे गुडघे दुखतात, मी म्हटलं.

"मग सावकाश जाऊ," ते म्हणाले, आणि मेथी निवडायला घेतली.