राजाविरुद्धचा अर्ज

आठवीच्या इतिहासात इंग्लंडचा एक राजा होता. त्याचं नाव आमच्या घरात कुणाला धड उच्चारता आलं नाही, म्हणून तो नुसता राजाच राहिला. दहाव्या वर्षी गादीवर बसलेला. चौदाव्या वर्षी शेतकऱ्यांचं बंड झालं तेव्हा घोड्यावरून थेट त्यांच्या घोळक्यात शिरला आणि म्हणाला, तुमचा पुढारी मीच, माझ्यामागून या. लोक गेले. थोड्याच दिवसांत त्याने सगळी वचनं मोडली आणि बंडवाल्यांना फासावर चढवलं, हे पुस्तकात दोन ओळींत होतं. मी तेरा वर्षांची, माझा जीव त्या घोड्यावरच्या पोरावर जडलेला. त्या दोन ओळी मी भरभर उरकल्या.

आम्ही तेव्हा आखातात राहायचो. ईसा टाउनच्या शाळेची बस मला नईमला घराशी सोडायची. संध्याकाळी बाबा साइटवरून येऊन अंघोळ करून चहाला बसले की मी त्यांना धडा सांगे, अर्धा इंग्रजीत. बाबा मराठी सातवी. इंग्रजी बोलत, पण वाचता येत नसे. तरी माझी वही रोज उघडून अक्षर बघत आणि विचारत, "मंग फुडं काय झाला?"

बाबा फोरमन होते. सनद भागातल्या कामगारांच्या कॅम्पातले चाळीसेक शटरिंग कारपेंटर, स्लॅबचे साचे ठोकणारे सुतार, त्यांच्या हाताखाली, आणि सगळे रत्नागिरीकडचे, आमच्याच गावचे, बाबांनीच व्हिसा मिळवून आणलेले. गणपतीला घरी कुणी जायचं ते बाबा ठरवत. जायचं सगळ्यांनाच असे, सुट्टी पाच-सहा जणांना मिळे. त्या दिवसांत आमच्याकडे येणारा प्रत्येक जण माझ्यासाठी चॉकलेट आणायचा. बाबांना वाटे, माणसं आपल्यावर जीव टाकतात. मला चॉकलेटशी मतलब.

त्या वर्षी उन्हाळ्यात काकाचे वडील गेल्याची तार आली. काका म्हणजे बाबांचा चुलत भाऊ, तोही त्याच कॅम्पात. बाबांनी त्याला सोडलं नाही, कारण स्लॅब टाकायचा होता. "जाऊन काय मानूस उठनार हाय?" म्हणाले. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि आजही ते आठवलं की मला त्यांचा राग येतो.

आमच्या भावकीचा गणपती एकच, थोरल्या घरात बसतो. पूजेची पाळी दरवर्षी एकेका घराकडे जाते. त्या वर्षी पाळी काकाच्या घरची होती आणि वडील गेल्यावर पाटावर बसायचा मान त्याचाच. पण सुट्टीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. बाबांचं होतं.

नेमका तेव्हाच आमचा राजा चुलत भावाला देशाबाहेर हाकलून, चुलता मेल्यावर त्याची सगळी जमीन गिळून बसला होता. बाबा बॅग भरत होते तेव्हा मी तिथवरचा धडा सांगितला. "देन ही वेंट टू आयर्लंड," मी म्हणाले. "राजाला सगळीकडं जावाच लागता," बाबा म्हणाले आणि बॅगेचा पट्टा ओढायला लागले.

तीन आठवड्यांनी कॅम्पात गावाहून पत्र आलं. बाबा सोवळं नेसून काकाच्या पाळीला स्वतः पूजेला बसले होते. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी काका चार जणांना घेऊन घरी आला. आई शेजारी गेली होती. काका नेहमीसारखा खुर्चीवर बसला नाही.

"पोरी, तुला इंग्लिश येता. सायबाला अर्ज लिवायचाय."

कोणाविरुद्ध, ते मला लगेच कळलं. नाही म्हणता आलं असतं. राग होता हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे मला मिरवायचं होतं. मोठी माणसं माझ्या इंग्रजीसाठी ताटकळली आहेत, हे सुख मला सोडवेना. राजावरच्या आरोपांची लांबलचक यादी धड्यात होती, तशीच मी आकडे घालून तक्रारी लिहिल्या. शुक्रवारी माणसांकडून स्वतःचं घर रंगवून घेतो. सुट्ट्या मर्जीतल्यांना देतो. बापाच्या मातीला पोराला सोडत नाही. दुसऱ्याच्या पाळीचा गणपती पुजतो. हे शेवटचं कंपनीच्या इंग्रज साहेबाला काय कळलं असेल देव जाणे, पण खालच्या पस्तीसेक सह्या आणि अंगठे त्याला कळले.

राजा आयर्लंडहून परतला तेव्हा त्याची फौज पांगली होती. चुलत भावाने त्याला कैद केलं, मुकुट काढून घेतला, आणि राजा एका किल्ल्यात मेला. उपाशी ठेवून मारला म्हणतात. बाबा परतले तेव्हा विमानतळावर कॅम्पाची पिकअप आली नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेबाने त्यांना स्टोअरवर बसवलं आणि फोरमनकी काकाला दिली. खलास.

त्या संध्याकाळी बाबांनी अंघोळ केली नाही. चहाही तसाच होता. खिशातून अर्जाची झेरॉक्स काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"वाच. मराठीत सांग."

अक्षर माझंच होतं. त्यांनी ते रोज पाहिलेलं. मी एकेक तक्रार मराठीत सांगत गेले आणि ते प्रत्येकीला नुसती मान हलवत होते, जणू मी धडाच सांगत होते. गणपतीच्या कलमाला मी आईकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने मला थांबवलं नाही.

"तुझ्या राजाला पन असाच वाचून दावल्यानी?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मराठीत म्हणाले. "तो तिथे नव्हता. त्याच्या माघारी वाचलं."

"मंग त्याचा बरा होता," बाबा म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझी वही कधी उघडली नाही.