पारा थांबेपर्यंत

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीला कॉलेजात होते. भौतिकशास्त्राचे मुकादम सर दर सोमवारी सायकलच्या कॅरिअरला बर्फाची लादी बांधून येत. लादी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातली, भुशात गुंडाळलेली; त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेला कायम मासळीचा वास. धातूच्या दांड्याचं एक टोक वाफेत, दुसरं बर्फात ठेवायचं आणि मधल्या थर्मामीटरांचा पारा थांबला की आकडे टिपायचे. त्याला तासभर लागे. सर म्हणत, "पारा थांबलाय, पोरांनो. उष्णता नाय थांबलेली. ती वाहतेच आहे."

मासेमारीच्या हंगामात बर्फ आधी होड्यांना. अशाच एका सोमवारी सरांना उशीर झाला. मी शहाणपणा केला आणि गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवून मोकळी झाले. सर लादी घेऊन दारात, आणि माझा प्रयोग पूर्ण! ते रागावले नाहीत. पानावर लाल फुली मारली, दांड्याचं टोक बर्फात ठेवलं आणि पारा थांबेपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिले. एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती.

सरांचं स्वतःचं संशोधनही त्याच दांड्याचं, फक्त अणूंच्या जगातलं. अणूंची साखळी, एक टोक गरम, एक थंड, आणि मधले अणू पुंजभौतिकीचे नियम पाळूनही बेबंद वागणारे. त्या गोंधळातून उष्णतेचा प्रवाह कधी स्थिरावतो का? सर कित्येक वर्षं एकट्याने याच्या मागे होते. मुंबईच्या संगणकावर मिळेल तेवढा वेळ घ्यायचा, बाकीचं गणित पाठकोऱ्या कागदांवर.

सरांचा पीएच.डी.चा प्रबंध टाइप झाला तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. सरांनी तो तपासायला दिला. शेवटच्या आलेखातली प्रवाहाची रेघ सपाट झालीच नव्हती, किंचित उतरत होती. संगणकाचा वेळ संपला तिथे सरांनी पारा थांबल्याचं धरून टाकलं होतं. त्यांचे मार्गदर्शक लवकरच निवृत्त होणार होते. आता थांबलं तर पदवी कायमची गेली. चार दिवस मला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी सांगितलं. सरांनी रेघेवर पट्टी ठेवून पाहिलं.

"चार दिवस एकटीनं सोसलंस? लगेच सांगायचं नाय का, पोरी," एवढंच म्हणाले, आणि खिशातलं लाल पेन काढलं.

प्रबंध विद्यापीठात गेला नाही. दोन वर्षांनी सरच गेले. शोकसभेत प्राचार्य त्यांना 'डॉक्टर मुकादम' म्हणाले. मला राहवेना. मी उभी राहून म्हटलं, "सर डॉक्टर नव्हते." सगळ्यांनी वळून माझ्याकडे रागाने पाहिलं. मी रडत होते. लाज मात्र वाटली नाही.