शिंप्याला मी हेर केलं

माझी बायको गेली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगतोय, कारण लपवून लपवून थकलोय — दुसरं काही नाही.

बेचाळीस साल सरत आलं होतं. कोल्हारला प्रवरेच्या काठी आमचा तंबूतला सिनेमा लागला होता. परदेशी चित्रपट आला की पडद्याशेजारी उभं राहून मी तो मराठीत सांगायचो. भाषा मला तरी कुठं कळत होती? दोन-तीन खेळ बघून गोष्ट जुळवायची आणि द्यायची ठोकून. लोक मला मास्तर म्हणायचे — मला ते फार आवडायचं.

त्या वेळचा सिनेमा युरोपातला, हेरांचा, कुठल्याशा स्वस्त कादंबरीवरून काढलेला. एकाच खोलीचे पडदे बदलून दोन देश दाखवले होते. विमान तर चक्क दोऱ्याला लटकलेलं दिसायचं. गोष्ट अशी, की हॉटेलात फिडल वाजवणारा शत्रूला बातम्या पुरवतो आणि संशय येतो एका शिंप्यावर. शेवटी शिंपी निर्दोष ठरतो.

आदल्याच आठवड्यात चळवळीतल्या, गावात लपलेल्या एका गुरुजींना पोलिसांनी उसाच्या फडातून धरून नेलं होतं. खबर कोणी दिली? गावभर हीच कुजबुज. एक-दोघं माझ्याकडेही बघायला लागले होते.

गावात गुलाबभाई शिंपी होता. सरळ माणूस, आमचा फाटलेला पडदाही तोच शिवून द्यायचा. फौजदाराची वर्दी त्याच्याकडे शिवायला असे — मला तेवढं पुरलं. पडद्यावरचा शिंपी टेप घेऊन कोणाचं तरी माप घेत होता, आणि मी म्हणालो, "बघा, माप घेता घेता कान कसा देतोय. साहेबाची वर्दी शिवतो ना हा."

तंबूतली सगळी डोकी वळली. गुलाबभाई मागच्या बाकावर बसला होता.

दोन दिवसांत लोकांनी शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. तिसऱ्या दिवशी तो तंबूवर आला. बसला नाही.

"मास्तर, तुमी एकदा सांगा लोकांना. तुमचं ऐकत्यात. म्या काय केलं न्हाई."

सांगतो म्हणालो. आणि त्या संध्याकाळी पडद्याशेजारी उभं राहून पुन्हा तेच वाक्य म्हटलं. लोक त्याचीच वाट बघत होते.

कारण — किती वळसे घेतोय बघा — खबर मीच दिली होती. तंबूचा परवाना काढून घेईन, असा फौजदारानं दम भरला आणि मी फड दाखवला. त्यानं हातही उगारला नव्हता.

पंधरा दिवसांत गुलाबभाईनं शिलाई मशीन बैलगाडीत घातली आणि बायकापोरांना घेऊन गाव सोडलं. कुठं गेला, मी कधी विचारलं नाही.

पुढं तंबू राहुरीला हलला. तोच सिनेमा लावला. तिथं मी गोष्ट होती तशी सांगितली — शिंपी निर्दोष, फिडलवाला हेर. राहुरीत माझ्यावर कोणाचा संशय नव्हता.