म्हणे, म्हशीने ढकललं

दोन वर्षांपूर्वी दादा गोठ्यात पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दादा म्हणजे माझे वडील. पंच्याहत्तरी ओलांडलेली, आई जाऊन बरीच वर्षं झालेली, गावाकडे एकटेच राहणारे. उभा जन्म घोडेगावच्या बाजारात म्हशींच्या व्यापारात गेलेला. कसे पडलात असं जो विचारेल त्याला एकच उत्तर, "म्हशीनं ढकललं." मलाही तेच सांगितलं. म्हैस स्वभावाने गरीब होती आणि दावणीला बांधलेली होती, पण अशा वेळी म्हशीची उलटतपासणी कोण घेतं?

नगरला ऑपरेशन झालं. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून आतली सळई दाखवली. "फर्स्ट क्लास बसलंय. आता फक्त चालवायचं." मी शाळेत रजा टाकली आणि दादांना नगरमधल्याच माझ्या फ्लॅटवर घेऊन आले.

आणि दादा काही केल्या चालेनात.

रोज सकाळी फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या, वॉकर पुढ्यात ठेवायच्या. दादा उठायचे, खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि म्हणायचे, "बास." मग पलंगावर पडून डोळे मिटायचे.

"पाय दुखतोय का?"

"न्हाई."

"पडायची भीती वाटते का?"

"न्हाई."

"मग होतंय तरी काय?"

"काय न्हाई. नको वाटतंय."

नको वाटतंय. हे दोन शब्द ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. त्यात बघायला येणाऱ्यांची रीघ. पाथर्डीकडचे नातेवाईक जीप करून आले. प्रत्येकासाठी चहा, प्रत्येकाबरोबर दादांचाही कप, आणि जाताना प्रत्येकाचं निदान. आत्या म्हणाली, मन खचलंय त्याचं. चुलतभाऊ म्हणाला, आयतं मिळतंय म्हणून सवय लागलीय. शेजारच्या काकू म्हणाल्या, म्हातारपण आहे, आता असंच चालायचं. नगरमध्येच राहणारी आत्या दर दोन दिवसांनी बोकडाच्या पायांचं सूप डब्यात घेऊन यायची आणि मी ते नीट गरम करते की नाही हे स्वयंपाकघरात येऊन बघायची.

मी दवाखान्यात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "हाड छान जुळतंय. पेशंटने इच्छाशक्ती दाखवायला हवी." ही इच्छाशक्ती कुठल्या मेडिकलमध्ये मिळते, एवढंच विचारायचं बाकी होतं.

शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईच म्हणाल्या, "ताई, मला हे भीतीचं वाटत नाही. चार पावलांत यांची छाती धडधडते. एकदा फिजिशियनला दाखवा."

फिजिशियन बाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी आधी एक्स-रे मागितलाच नाही. दादांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढली आणि बघत राहिल्या.

"जनावर घेताना आमी बी आसंच बघतो," दादा म्हणाले.

"मग अशी पापणी असलेली म्हैस घेतली असती का, आजोबा?"

"न्हाई."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. ऑपरेशनमध्ये रक्त जातंच, पण एवढं एकट्या ऑपरेशनने नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. आधीपासून कमी असणार. दवाखान्यातून घरी सोडताना लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचं त्यांनी विचारलं. तेव्हा मला कळलं की पोट बिघडतं म्हणून दादांनी त्या केव्हाच बंद केल्या होत्या. मी गोळी हातावर ठेवायचे आणि पाणी आणायला वळायचे, तेवढ्यात ती उशीखाली जायची.

"पडायच्या आधी चक्कर येत होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "यायची."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

"आणि म्हशीने ढकललं ते?" मी विचारलं.

"चक्कर आली आन् म्हशीच्या अंगावर पडलो. म्हंजी म्हैस हुतीच की तिथं."

पुढचा प्रश्न गुडघ्यांचा होता. दुखतात का, गोळ्या घेता का? दादा घेत होते. गावातल्या मेडिकलमधली पिवळी गोळी, सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी, चहाबरोबर, कित्येक वर्षं. मग डॉक्टरांनी विचारलं, गावाकडे असताना शौचाला काळी व्हायची का?

दादा मला म्हणाले, "तू जरा भाईर जा."

मी गेले नाही. मग ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "व्हय. लई दिवस."

डॉक्टरांनी सरळ शब्दांत सांगितलं. त्या गोळ्यांनी पोटात जखम झाली असणार, त्यातून थोडं थोडं रक्त जात राहिलं. रक्त कमी म्हणून चक्कर, चक्कर आली म्हणून हाड मोडलं, आणि ऑपरेशनने उरलंसुरलं रक्तही कमी केलं. "अंगात रक्तच नाही तर पाय कशाच्या जोरावर उचलणार?"

बाहेर बाकावर बसल्यावर मी म्हणाले, "दादा, मला का नाही सांगितलंत?"

"ह्ये काय लेकीला सांगायचं आसतं?"

"मग कुणाला सांगायचं असतं?"

त्यांनी खरंच विचार केला. "कुणालाच न्हाई," म्हणाले.

दुर्बीण घालून तपासलं, जखम निघालीच. औषधं सुरू झाली, पिवळी गोळी कायमची बंद. रक्ताची पिशवी लावली तेव्हा दादांनी सिस्टरला विचारलं, "कुणाचं हाय?" ते सांगत नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "धडधाकट मानसाचं हाय ना, येवढं बगा." गोळ्या पोटाला झेपत नव्हत्या, म्हणून लोह सलाईनमधून दिलं.

दादा सुधारायला लागले ते मला त्यांच्या चालण्यावरून नाही, भांडणावरून कळलं. आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून नवऱ्याशी वाजलं. मग हळूहळू वॉकर दार ओलांडून गॅलरीपर्यंत गेला, मग जिन्यापर्यंत, आणि काही आठवड्यांनी वॉकरच्या जागी काठी आली. थोडे लंगडतात, ते राहिलंच. आत्या सगळ्या भावकीत सांगत सुटली की तिच्या सुपाने भाऊ उभा राहिला. मी गप्प बसले. कशी बसले ते माझं मला ठाऊक.

मग ते गावी गेले. माझ्याकडेच राहा म्हणून मी खूप डोकं आपटलं. "तिसऱ्या मजल्यावर मानूस काय करनार," एवढंच उत्तर.

गेल्या तपासणीला मीच गावी जाऊन त्यांना गाडीतून नगरला आणलं. रक्त चांगलं आलं. डॉक्टरांनी विचारलं, "आता आणखी काही त्रास?"

"काय बी न्हाई. समदं झकास."

परत सोडायला निघाले. इमामपूरच्या घाटात गाडी असताना दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डाव्या डोळ्यानं हल्ली धुरकट दिसतंय."

"कधीपासून?"

"झालं आसंल चार-सा महिनं."

"मघाशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"त्या रगताच्या डॉक्टर. त्यांना डोळ्याचं कशाला सांगायचं?"

घाटात गाडी वळवता येत नाही. उतार संपल्यावर पहिल्या हॉटेलपाशी जागा मिळाली, तिथून गाडी वळवली.

"आता कुठं?"

"नगरला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"आगं, जेवायची येळ झाली की," दादा म्हणाले.