हिरव्या लुगड्याचं सीट कव्हर

आधीच सांगतो, लिंबू-मिरची ही माझ्या दुकानात विकायची वस्तू आहे, मानायची नाही. दर शनिवारी मीच दोऱ्यात ओवतो, मीच विकतो आणि गिऱ्हाईक गेलं की हसतो. त्यामुळे मी असलं काही लिहायला बसेन असं कुणी म्हटलं असतं, तर त्याच्याच गळ्यात एक बांधली असती.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगु मंडलात. किराण्याचं छोटं दुकान. घरी बायको सुनीता आणि माझी माय. मायचं डायलिसिस आदिलाबादला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. आधी बसने न्यायचो. परतीला तिला हमखास उलटी व्हायची... आणि मला – आता खोटं कशाला बोलू – उलटीची भयंकर किळस. माय खिडकीशी ओकतेय आणि मी दोन सीट मागे, मोबाइलमध्ये डोकं घालून, जणू ओळखच नाही. असा माणूस आहे मी. शेवटी कंटाळून गाडी घ्यायची ठरवली. गावात मात्र सांगितलं, मायसाठी घेतोय.

शेजारच्या गावचे दशरथकाका त्यांची पांढरी हॅचबॅक विकणार होते. गाडी कमी चाललेली, टायर चांगले, एसी थंडगार. काकू गेल्या उन्हाळ्यात वारल्या होत्या आणि काकांना आता कुठं जायचं नव्हतं. सौदा जमला. चावी देता देता काका पुढच्या डाव्या सीटच्या कव्हरच्या नाड्या सोडायला लागले. काकूंनी जुन्या हिरव्या लुगड्याचं ते हाताने शिवलेलं, वाकळीसारखं जाड.

"येवढं राहू द्या माह्याजवळ," काका म्हणाले. "बैल इकला तरी दावं आपण ठून घेतो ना, तसं."

आमच्याकडे ही पद्धत आहे. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही. घेणारा आपली दोरी घेऊन येतो आणि दावं मागत नाही. माझ्या बापाने आयुष्यात मागितलं नाही. मी मात्र हसलो.

"काका, हे मशीन हाय. मशीनले कायचं दावं? सौदा अख्ख्या गाडीचा झाला."

मला ते कव्हर हवं होतं अशातलाही भाग नाही. एक सीट उघडी दिसेल, एवढंच माझं दुखणं. सोडलेल्या नाड्या काकांनी एकेक करून परत बांधून दिल्या.

पहिल्या मंगळवारी माय पुढे बसली. जाताना एकदम खूश, एसीच्या झरोक्यावर हात धरून बसली होती. परत येताना, दुपारी तीनच्या सुमाराला, वाटेतल्या तळ्याच्या वळणावर वास आला. आंबट, गरम, ताज्या उलटीचा... आणि त्यात निलगिरीचं तेल. काचा बंद. माझ्या घशाशी आलं.

"पिशवी देली व्हती ना तुले!" मी ओरडलो. "कुत्रंबी बाहीर जाऊन ओकते! गाडीत घाण केली?"

माय घाबरून स्वतःचा पदर चाचपायला लागली. "मले तं काईच झालं नाई रे बाप्पा," ती पुटपुटली.

मी ऐकतोय कुठला! काचा खाली केल्या आणि गाडी थेट दारात आणून उभी केली. पाहतो तर सीट कोरडी, कव्हर कोरडं, तिचा पदर कोरडा. प्लास्टिकची पिशवी घडी घातलेली, तशीच तिच्या मुठीत होती.

कव्हर मी दोन बोटांत धरून मागच्या शेडमध्ये फेकलं. सुनीताने ते उचलून नाकाला लावलं.

"याले साबनाचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली. "तुमी मायले काऊन बोलले?"

मी बादली घेऊन गाडी धुवायला निघून गेलो. फिनेल झालं, खायचा सोडा झाला, लिंबू झालं. माफी तेवढी मागितली नाही.

शुक्रवारी माय खाटेवरून उठेना. "तुह्या गाडीत मी घाण करतो म्हनतं ना? मंग नाई येत मी." बसने जायची ताकद तिच्यात उरली नव्हती. डायलिसिस चुकलं. शनिवारी सकाळी तिचे पाय सुजून खांबासारखे झाले, आडवं झालं की धाप लागे. तरी हट्ट सोडेना. मी घाबरलो आणि एकटाच आदिलाबादला पळालो. दवाखान्यात म्हणाले, आजच्या आज आणा, उशीर करू नका.

तिला न्यायला म्हणून गावाकडे परत निघालो. तळ्याचं वळण आलं आणि टिंग-टिंग-टिंग सुरू झालं. बाजूच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजतो, तो आवाज. सीटवर साधा पेपरही नव्हता. मी वैतागून रिकाम्या सीटला बेल्ट लावला. आवाज बंद झाला...

आणि वास आला. तोच. निलगिरीसकट.

गाडी कशीबशी कडेला घेतली, दार उघडलं आणि रस्त्यावर मीच ओकलो. सकाळचा चहा, रात्रीची भाकर, सगळं. नाकातोंडातून पाणी, चपलेवर घाण. लहानपणी असं झालं की माय एका हाताने कपाळ धरायची, दुसऱ्याने पाठ चोळायची. तेव्हा तिला किळस आली नव्हती. मला स्वतःची शिसारी आली, अगदी आतून.

निलगिरीचं तेल आमच्या घरात कुणी लावत नाही; मला काकांनी परत बांधून दिलेल्या नाड्या आठवल्या. घरी आलो, शेडमधलं कव्हर झटकलं आणि आधी काकांच्या गावी गेलो. काका ओसरीत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "तळ्याच्या वळनावर?"

मी मान हलवली.

"तुमच्या काकूले थितंच मळमळे. दर खेपेले. रुमालावर निलगिरीचं तेल घेऊन बसे ती." काका कव्हर मांडीवर घेऊन त्याच्या घड्या करत होते.

"मंग सांगतलं काऊन नाई, काका?"

"काय सांगाव? मले वाटे, हे घरी ठेवलं तं ती माह्याजवळ राहीन." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी गाडी थांबवो, पाठ चोळो. तुमी थांबवली?"

"नाई."

"मंग काय केलं?"

मायला काय बोललो ते मला त्यांच्यासमोर सांगता आलं नाही.

घरी येऊन मायचे सुजलेले पाय धरले. रडलोही, सुनीतासमोर. माय फक्त "चाल" म्हणाली. त्याच दिवशी डायलिसिस झालं आणि ती वाचली. परतीला तळ्याच्या वळणावर मी गाडी थांबवली. ना टिंग-टिंग, ना वास. त्यानंतर आजपर्यंत नाही.

गाडी आदिलाबादच्या एका मेकॅनिककडे दाखवली. "एम् लेदु अन्ना," म्हणाला तो. काहीच नाही. बेल्टचा सेन्सर ठणठणीत, वजन पडल्याशिवाय वाजतच नाही. एक मित्र म्हणतो, एसीत उंदीर मेला असेल. असेल बुवा. पण उंदीर निलगिरीचं तेल लावून मरतो का, आणि कव्हर परत केल्याबरोबर निघूनही जातो का? लिंबू-मिरची विकताना आता हसू मात्र येत नाही.

त्या वळणावर मी अजून दर वेळी दोन मिनिटं थांबतो. माय पुढेच बसते, उघड्या सीटवर. मात्र दारातून निघाल्यापासून दारात परत येईपर्यंत ती प्लास्टिकची पिशवी तिच्या मुठीत असते. परवा मी म्हटलं, "माय, ठेव ना ते. झाली उलटी तं झाली."

तिने मूठ आणखी आवळली.

"नाई बाप्पा," ती म्हणाली. "तुही गाडी खराब होईन."